नवी पिल्ले, जुने जंत: वराहपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

विकत आणलेल्या पिल्लांच्या जंतांविषयी या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. औषधांची मात्रा प्रत्यक्ष वजनावर ठरते आणि बाटलीगणिक औषधाची तीव्रता बदलते. त्यामुळे खाली दिलेले आकडे आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवूनच वापरावेत.

प्रश्न: दूध तोडलेली दहा पिल्ले आणली आहेत. वजन 12 ते 16 किलो. विकणारा म्हणतो, जंताचे औषध पाजलेले आहे. तरी पुन्हा द्यायचे का? कोणते आणि किती? (फलटण)

द्यायचे. विकणारा खरे बोलत असला तरी द्यायचे. कधी, कोणते आणि किती दिले याची लेखी नोंद मिळत नसेल, तर पिल्लांना काहीच दिलेले नाही असे धरून चालावे.

मात्र गाडीतून उतरवल्या उतरवल्या औषध देऊ नका. प्रवासाने पिल्ले पाणी तोडतात, दमतात, एकमेकांना चावतात. पहिले दोन दिवस भरपूर स्वच्छ पाणी द्या, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ टाका, आणि खाद्य रोजच्या अर्धे-पाऊण ठेवा. पिल्ले गव्हाणीवर तुटून पडायला लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषधाला सुरुवात करा.

या वयाला फेनबेंडाझोल सोयीचे. ते खाद्यातून जाते आणि सुरक्षित आहे. मोठा गोलकृमी, गाठकृमी आणि चाबूककृमी या तिघांवरही त्याचे काम होते. मात्रा दर किलो वजनाला रोज 3 मिलिग्रॅम, सलग तीन दिवस. एकदाच द्यायचे असेल तर किलोला 5 मिलिग्रॅम, पण चाबूककृमीसाठी तीन दिवसांचीच पद्धत बरी. तुमच्या दहा पिल्लांचे एकूण वजन 140 किलो धरले, तर रोज 420 मिलिग्रॅम औषध लागेल. 25 टक्के भुकटीच्या एका ग्रॅममध्ये 250 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे रोज साधारण 1.7 ग्रॅम भुकटी. हे चमच्याने मोजता येत नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

गडबड मिसळताना होते. दीड-दोन ग्रॅम भुकटी दोन-अडीच किलो खाद्यावर नुसती भुरभुरली, तर एका पिल्लाच्या तोंडी सगळी जाते आणि तिघांना वासही लागत नाही. आधी पावशेर मक्याच्या भरड्यात भुकटी नीट कालवा. मग ते एक किलो भरड्यात मिसळा आणि शेवटी सकाळच्या सगळ्या खाद्यात. हे खाद्य पिल्लांमागे पाव किलोपेक्षा जास्त नसावे, म्हणजे ते एका बैठकीत संपते. आदल्या संध्याकाळी खाद्य थोडे कमी द्या. गव्हाणीवर प्रत्येक पिल्लाला वीतभर जागा हवी. जागा कमी असेल, तर दांडगी पिल्ले औषध खातात आणि ज्याला खरी गरज आहे ते किरटे पिल्लू मागे उभे राहते. अशी मागे राहणारी दोन-तीन पिल्ले वेगळी बांधून खाऊ घाला.

दुसरी मात्रा 30 ते 35 दिवसांनी. ही चुकवली तर पहिलीचा निम्मा उपयोग वाया गेला असे समजा. कारण असे: गोलकृमीचे अंडे पिल्लाच्या पोटात गेले की त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात जाते, तिथून फुफ्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. अंडी घालायला लागेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. तुम्ही पहिले औषध दिले तेव्हा ज्या अळ्या यकृत-फुफ्फुसात होत्या, त्यातल्या कित्येक वाचतात. महिन्याने त्या आतड्यात येऊन बसलेल्या असतात, पण अजून अंडी घालत नसतात. त्यांना तिथेच गाठायचे.

एका बाबतीत सावध राहा. पोट नगाऱ्यासारखे, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ, असे पिल्लू जंतांनी गच्च भरलेले असते. त्याला पिपेराझिन किंवा लेव्हामिसोलसारखे जंत झटक्यात लुळे करणारे औषध दिले, तर जंतांचा गोळा आतड्यात अडकून ते दगावू शकते. फेनबेंडाझोल जंत हळूहळू मारते, म्हणून अशा पिल्लाला ते तीन दिवसांत विभागून देणे बरे. औषधानंतर उलट्या, पोट फुगणे, विष्ठा बंद, असे दिसले तर डॉक्टरांना बोलवा.

डुकरांच्या तापाची म्हणजे स्वाइन फीव्हरची लस द्यायची असेल, तर जंतनाशकानंतर आठ-दहा दिवसांनी द्या. जंतांनी खंगलेल्या पिल्लात लस नीट धरत नाही. नवी पिल्ले 30 दिवस जुन्या डुकरांपासून वेगळी ठेवा, बूट आणि बादली वेगळी. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात आला. त्याला औषध नाही, म्हणून हे 30 दिवस केवळ जंतांसाठी नाहीत.

प्रश्न: वजनकाटा नाही. मोठ्या डुकराचे वजन कसे काढायचे? (जत)

शिवणकामाचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. दोन्ही मापे मीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, हे झाले किलोतले वजन. घेर 75 सेंमी आणि लांबी 80 सेंमी असेल तर 0.75 × 0.75 × 0.80 × 69.3, म्हणजे सुमारे 31 किलो. डुकराची मान खाली-वर झाली की लांबी बदलते. त्याला खाद्य टाका, ते खाताना सरळ उभे असेल तेव्हा मोजा.

नुसत्या नजरेने वजन धरले तर चूक बहुधा कमीकडेच होते. कमी मात्रेने नाजूक जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढे त्यांचीच पिढी वाढते.

प्रश्न: नव्या डुकरांना वर्षभर दर महिन्याला औषध दिले. तरी कापलेल्या डुकराच्या आतड्यात दीड-दीड वीत लांब पांढरे जंत निघाले. औषध बनावट असेल का? (नाशिक)

असूही शकते, पण आधी जमिनीकडे पाहा. ते जंत म्हणजे गोलकृमी. त्याची एक मादी दिवसाला दोन लाखांहून अधिक अंडी घालते. अंड्याचे कवच जाड आणि बाहेरून चिकट असते. फरशीच्या भेगेत, गव्हाणीच्या कोपऱ्यात, डुकरिणीच्या सडांवर ते चिकटून बसते आणि ओलसर सावलीत कित्येक वर्षे जिवंत राहते. फिनेलने मरत नाही, ब्लीचिंग पावडरनेही नाही. डुकराच्या पोटातले जंत औषधाने गेले, तरी संध्याकाळपर्यंत जमिनीवरची नवी अंडी पोटात गेलेली असतात. औषधाचा असर काही दिवसांपुरता, अंड्यांचा वर्षानुवर्षांचा.

त्या अंड्याची एक कमजोरी आहे. ताजे अंडे बाधत नाही. आत अळी तयार व्हायला आपल्या उष्ण-दमट हवेत साधारण तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी विष्ठा गोठ्याबाहेर गेली तर साखळी तुटते. गाठकृमीला मात्र आठवडाही पुरतो, म्हणून आठवड्याने सफाई करून भागत नाही. विष्ठा रोज उचला, पावसाळ्यात दोनदा.

डुक्कर ओल्या, थंड कोपऱ्यात घाण करते आणि कोरड्या जागी झोपते. पाण्याची निपल गव्हाणीपासून लांब, उताराच्या टोकाला लावा, म्हणजे विष्ठा तिथेच पडेल आणि उचलणेही सोपे जाईल. पाणी गव्हाणीच्या शेजारी ठेवणे ही आपल्याकडच्या गोठ्यांतली नेहमीची चूक आहे.

तुकडी विकली गेली की खोलीची मोठी सफाई करा. आधी कोरडे खरवडून सगळी घाण काढा. ओल्या घाणीवर गरम पाणी ओतले तर वरचे भाजते आणि खालचे सुखात राहते. मग 10 लिटर गरम पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून फरशी आणि हातभर उंचीपर्यंतच्या भिंती भिजवा. तासाभराने तारेच्या ब्रशने घासा आणि धुऊन टाका. सोड्याने अंडी मरत नाहीत, चिकटलेली सुटतात. त्यांना मारते उष्णता. उकळते पाणी भेगांत ओता किंवा कोरड्या फरशीवरून फ्लेम गन सावकाश फिरवा. पेंढा आधी बाहेर काढा, छत गवताचे असेल तर फ्लेम गनचा विचारच नको. भेगा सिमेंटने बुजवा आणि ताज्या चुन्याचा दाट हात द्या, म्हणजे भेगेत राहिलेली अंडी तिथेच गाडली जातात. खोली आठवडाभर उघडी, कोरडी, उन्हात ठेवा. चुना ओला असताना डुकरे आत सोडली तर पाय आणि सड भाजतात.

मातीच्या अंगणात यातले काहीच साधत नाही. तिथे वरची वीतभर माती काढून टाकणे किंवा फरशी करणे, एवढेच मार्ग.

औषधाचा संशय फिटत नसेल, तर औषध देण्याच्या दिवशी आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच डुकरांची विष्ठा तपासा. अंड्यांची संख्या फारशी घटली नसेल तर मात्रा, औषध किंवा जंतांची प्रतिकारशक्ती यांपैकी काहीतरी बिघडले आहे. मग औषधाचा गट बदलावा. दुकानातले नाव बदलून उपयोग नाही. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल एकाच गटातले आहेत.

प्रश्न: कत्तलीनंतर यकृतावर पांढरे डाग दिसले म्हणून ते बाद केले. पण विष्ठा तपासणीत अंडी नव्हती. असे कसे? (पुणे)

दोन्ही खरे असू शकते. डाग अळ्यांच्या वाटचालीचे आहेत, अंडी प्रौढ माद्यांची. अळ्या यकृतातून जाताना जखमा होतात, त्या भरताना दुधाच्या थेंबासारखे डाग उठतात. नवी लागण थांबली तर ते साधारण पाच आठवड्यांत पुसट होतात. म्हणजे कत्तलीआधीच्या महिन्या-दीड महिन्यात डुक्कर अंडी खात होते, हे नक्की. ज्या खोलीत ते शेवटी होते ती खोली तपासा.

उलटही घडते. डुक्कर दुसऱ्याची विष्ठा चघळते, त्यातली अंडी नुसती पोटातून पार होऊन बाहेर येतात आणि तपासणीत थोडी अंडी दिसतात. त्याच्या आत जंत असतातच असे नाही. त्यामुळे एका डुकराच्या एका नमुन्यावर निकाल लावू नये. पाच-सहा डुकरांचे नमुने घ्या, प्रत्येकी 5 ते 10 ग्रॅम, गुदद्वारातून किंवा पडल्या पडल्या वरच्यावर उचललेले. स्वच्छ पिशवीत बांधून बर्फावर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवा. नमुना गोठवू नये. औंध येथील रोग अन्वेषण विभाग तुम्हाला जवळ पडेल.

प्रश्न: तीन महिन्यांच्या पिल्लांना रक्त आणि शेंबूड मिसळलेली हगवण आहे. आयव्हरमेक्टिन देऊनही थांबली नाही. (उमरेड)

चाबूककृमीचा संशय घ्या. हा पाच-सहा सेंमी लांब जंत मोठ्या आतड्यात आणि आंधळ्या आतड्यात आपला केसासारखा बारीक पुढचा भाग भिंतीत खुपसून बसतो. आयव्हरमेक्टिनचा त्याच्यावर भरवसा नाही. फेनबेंडाझोल किलोला 3 मिलिग्रॅम, तीन दिवस द्या. त्याला अंडी घालायला सहा-सात आठवडे लागतात, हगवण त्याआधीच सुरू होते, म्हणून विष्ठेत अंडी न दिसणे ही सुटका नव्हे. मेलेले पिल्लू असेल तर शवविच्छेदन करून घ्या, आंधळे आतडे उघडले की उत्तर समोर असते. अशीच हगवण जिवाणूंमुळेही होते आणि तिला औषध वेगळे लागते. तीन दिवसांत फरक नसेल तर थांबू नका.

प्रश्न: गायीसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन इंजेक्शन डुकराला चालते का? (परभणी)

1 टक्क्याचे असेल तर चालते, पण मात्रा गायीची नाही. गायीला 50 किलोला 1 मिली, डुकराला 33 किलोला 1 मिली, मानेत कानामागे कातडीखाली. 10 किलोच्या पिल्लाला 0.3 मिली. हे मोठ्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही, 1 मिलीची घ्या. खरूज आणि उवा असतील तर हेच औषध निवडा आणि 14 दिवसांनी पुन्हा द्या, कारण उवांची अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. इंजेक्शननंतर 28 दिवस ते डुक्कर कत्तलीला पाठवू नये. लेबलवर जास्त मुदत असेल तर ती पाळा.

प्रश्न: गाभण डुकरीण विकत घेतली आहे. जंताचे औषध दिले तर गाभडेल का? (अकोले)

फेनबेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन गाभणपणात चालतात. अल्बेंडाझोल टाळा, विशेषतः पहिल्या महिन्यात.

तिला औषध देणे पिल्लांसाठी गरजेचे आहे. सूत्रकृमी नावाचा एक बारीक जंत आईच्या चरबीत अळीरूपात दडून राहतो आणि चिकातून व दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतो. दहा-बारा दिवसांच्या पिल्लांना हगवण लागते आणि दोष दुधाला किंवा थंडीला दिला जातो. डुकरिणीचा गाभणकाळ 114 दिवसांचा, तोंडपाठ हिशेब तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. 100 ते 105 व्या दिवसादरम्यान आयव्हरमेक्टिन द्या. 150 किलोच्या डुकरिणीला साडेचार मिली.

110 व्या दिवसाच्या आसपास तिला विण्याच्या खोलीत नेण्याआधी कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने अंघोळ घाला. पाठ राहिली तरी चालेल, पण सड, पोटाची खालची बाजू आणि खूर सुटता कामा नयेत. पिल्लू जन्मल्यावर पहिले तोंड सडाला लावते आणि गोलकृमीची चिकट अंडी तिथेच असतात. ओली डुकरीण वाऱ्यात उभी ठेवू नका. माजाची तारीख माहीत नसेल तर सड भरायला लागण्याची वाट न पाहता औषध आत्ताच द्या आणि अंघोळ विण्याच्या सुमारास घाला.

प्रश्न: पिल्ले मोकळ्या आमराईत सोडतो. पावसानंतर सगळी खोकतात. ताप नाही, खाणे चांगले आहे. (लांजा)

आमराईतल्या गांडुळांवर संशय घ्या. फुफ्फुसकृमीच्या अळ्या गांडुळात वाढतात आणि उकरून गांडुळे खाणाऱ्या डुकरांना लागण होते. बंद फरशीवरच्या डुकरांना हा आजार होत नाही. लेव्हामिसोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन, तिन्ही चालतात. लेव्हामिसोल किलोला 7.5 मिलिग्रॅम, त्याहून वर जाऊ नका. दिल्यानंतर लाळ गळते, कधी उलटी होते आणि मेलेले जंत बाहेर टाकताना खोकला एक-दोन दिवस वाढतो. त्याने घाबरून दुसरा डोस देऊ नये. गांडुळात अळ्या वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे त्याच आमराईत सोडत राहिलात तर दर पावसाळ्यात हेच होईल. निदान चार-पाच महिन्यांची होईपर्यंत पिल्ले फरशीवर ठेवा. आमराईतला गोलकृमीही वेगळा खोकला देतो, म्हणून आधी विष्ठा तपासा.

प्रश्न: गावठी डुकराच्या मटणात तांदळाएवढे पांढरे दाणे निघाले. नव्या डुकरांत हे ओळखता येईल का? औषध आहे का? (दोडामार्ग)

हे दाणे म्हणजे माणसाच्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या पिशव्या. पट्टकृमी राहतो माणसाच्या आतड्यात, डुकराला लागण होते माणसाची विष्ठा खाऊन. गोव्यात आणि लगतच्या भागात पूर्वी डुकरांच्या वाड्यावर उघडणारे संडास होते, त्यात ही साखळी अगदी सरळ जुळायची. आज संडास बदलले, तरी मोकाट फिरणारे डुक्कर उघड्यावरच्या विष्ठेपर्यंत पोहोचतेच.

विकत घेताना डुकराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूला बोट फिरवा. गाठी हाताला लागल्या तर सौदा सोडा. लागल्या नाहीत तर डुक्कर निर्धोक ठरत नाही, कारण थोडी लागण जिभेवर दिसत नाही.

रोजच्या मात्रेत जंतनाशक देऊन या पिशव्या मरत नाहीत. ऑक्सफेंडाझोल किलोला 30 मिलिग्रॅम, तोंडावाटे एकदाच, ही मात्रा त्यांच्यावर चालते, पण ती डॉक्टरांच्या हातूनच द्यावी आणि नंतर किमान तीन आठवडे कत्तल करू नये. मेलेल्या पिशव्यांच्या खुणा मटणात आणखी काही आठवडे दिसत राहतात.

दाणे असलेले मटण विकू नका, खाऊ नका, कुत्र्यांनाही घालू नका. एरवीही डुकराचे मटण आणि चोरीस (गोव्याकडचे डुकराच्या मटणाचे सॉसेज) आतपर्यंत शिजवूनच खावे. मीठ लावून वाळवले म्हणून निर्धास्त होऊ नये. घरात कुणाच्या शौचात पांढरे चपटे तुकडे पडत असतील, तर त्या माणसाला दवाखान्यात न्या. त्याच्या हातावरची अंडी दुसऱ्याच्या पोटात गेली तर पिशव्या मेंदूत होतात आणि फिट्स येतात. दुकानातून गोळी आणून स्वतः घेऊ नये. मेंदूत आधीच पिशव्या असतील तर त्या गोळीनेही झटके येऊ शकतात.

प्रश्न: मोरचूद, सुपारी, पळसबी यांपैकी काय चांगले? (चंद्रपूर)

मोरचूद अजिबात नको, त्याने यकृत जाते. सुपारी आणि पळसबीचा जंतांवर परिणाम होतो, पण सुपारीतले जे द्रव्य जंत पाडते तेच जास्त झाले तर डुकराला लाळ, पोटशूळ आणि अशक्तपणा आणते. प्रत्येक सुपारीत ते वेगवेगळे असते, त्यामुळे मात्रा ठरवता येत नाही. दहा पिल्लांचे फेनबेंडाझोल याहून स्वस्त पडते.

प्रश्न: डुकरांचे खत भाजीला घालावे का? (वसई)

कच्चे नको. कोथिंबीर, मुळा, काकडी यांना तर नाहीच, कारण डुकराचा गोलकृमी माणसालाही होतो. कमरेएवढा ढीग घाला, पेंढा मिसळा, वर प्लास्टिकचा कागद टाका. आत हात धरवत नाही इतका गरम झाला की ढीग पालथा करून बाहेरचा भाग आत घ्या. असे दोन-तीनदा करून किमान दोन महिन्यांनी ते खत ऊस, नारळ किंवा फळझाडांना वापरा. डुकरांच्या हिरव्या चाऱ्याच्या पट्ट्यात मात्र ते कधीच टाकू नका.